खकनारच्या घरात तू अजून होतीस

जूनचा दुसरा रविवार, उपासनेनंतर. मंजूर रक्कम चोवीस हजार रुपये. हजर: पाळकसाहेब, सेक्रेटरी धरून पाच पंच, खजिनदार म्हणून मी, आणि घरभेटींचं काम पाहणारी तू. इतिवृत्तात 'ठराव एकमताने मंजूर' असं लिहिलं आहे. ताई, ते बरोबर नाही. तू हात वर केला नव्हतास. सेक्रेटरींनी तुझ्याकडे पाहिलं, तू खिडकीकडे पाहिलंस, आणि त्यांनी तेवढ्यावर काम भागवलं.

ठराव तसा साधा होता. आपल्या चर्चच्या मंडळीत चारशेच्या वर कुटुंबं. निम्मी बुरहानपुरात, बाकीची फोपनार, खकनार आणि मधल्या खेड्यांतून. पाळक एकच. लोक अडचण सांगायला रविवारची वाट पाहत आणि रविवारी गर्दीत ती सांगायची राहून जाई. म्हणून चार वर्षांपूर्वी तू स्वतःचा नंबर सगळ्यांना दिलास. लिहिता येत नसलं तरी चालेल, बोला, व्हॉइस मेसेज टाका. तू ते ऐकायचीस आणि ठरवायचीस, कुणाकडे पाळकसाहेबांनी जायचं, कुणाकडे तू, आणि कुणाचं नुसतं ऐकून घेतलं तरी पुरे आहे. फोनची ही युक्ती तुझी होती, माझी नव्हे. हे सांगणं भाग आहे, कारण तू गेल्यावर लोक बोलू लागले की शीलाताईंना मशीन आवडत नसे. तुला मशीन फार आवडायची. मिक्सर उघडून बसायचीस.

आता हे काम यंत्रणेकडे द्यायचं होतं. मेसेज नव्या नंबरावर येणार, यंत्रणा ते अक्षरांत उतरवणार, आजार, मृत्यू, घरातलं भांडण अशी वर्गवारी करणार आणि सकाळी पाळकसाहेबांच्या फोनवर यादी. ज्या मेसेजमध्ये बोलणं नाही, ते आपोआप गाळले जाणार.

तू तिथेच अडलीस.

"रिकामे गाळू नका," तू म्हणालीस.

"अगं, रिकामे म्हणजे खिशात दाबले गेलेले," मी म्हणालो. "कुणाची बस, कुणाची बकरी. पाळकसाहेबांनी सकाळी उठून बकऱ्या ऐकायच्या का?"

सगळे हसले. तूही हसलीस. मग म्हणालीस, "सगळे तसे नसतात."

"मग कुणाचे असतात? नाव सांग, त्या नंबराची वेगळी सोय करू."

"नाव नाही सांगणार. एकदा सांगून झालंय ना भोंग्यावर."

त्यावर कुणी हसलं नाही. ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारची गोष्ट सगळ्यांनाच आठवत होती. उपासनेआधी गायकवर्गाला चाल लावून द्यायला तुझा फोन चर्चच्या स्पीकरला जोडला होता. चाल संपली, तू पहिल्या बाकावर जाऊन बसलीस आणि पाच मिनिटं आहेत म्हणून एक मेसेज ऐकायला फोन कानाला लावलास. तो जोडलेलाच होता. भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरांतून कमलाबाईंचा आवाज आला: "ताई, सुनेनं गॅस वेगळा केला हो. देवाला सांगा तिला अक्कल दे. तिला नसेल देत तर तिच्या आईला तरी दे." सून गायकवर्गात तिसरी उभी होती, हातात झावळी घेऊन.

ते घर दोन महिने चर्चला आलं नाही. तू तीनदा गेलीस, तीनदा दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी आतून सासू आणि सून दोघींचं एकदम हसणं ऐकू आलं, तेव्हा तू परत येऊन आमच्या मंगलाला म्हणालीस, "दोघी एक झाल्या गं. माझ्याविरुद्ध का होईना." पण तू ती गोष्ट हसून सोडून दिली नव्हतीस. त्यानंतर तुझ्या तोंडून सभेत कुणाचं नाव निघालं नाही.

म्हणून मी भांडत राहिलो आणि तू नाव न सांगता अडून राहिलीस. माझं म्हणणं आजही मला पटतं. इतक्या लोकांची खासगी दुःखं एका बाईच्या फोनमध्ये, कुलूप नाही, कपाट नाही, हे बरोबर नव्हतं. बाहेर पडताना चपला घालत तू म्हणालीस, "सुध्या, मंगळवारी घरी ये. तुला एकट्याला सांगते. समितीला नाही."

मंगळवारी मी आलो. तुझ्याकडे खोलीत सात माणसं बसली होती, दोघं दारात. तू मला चहा दिलास आणि डोळ्यांनीच 'आज नाही' म्हणालीस. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. कशी गेलीस ते इथे लिहीत नाही, ते मंडळीत सगळ्यांना माहीत आहे.

तुझा फोन माझ्याकडे आला. आमच्या बैठकीतल्या शोकेसमध्ये, मुलांच्या ट्रॉफ्यांच्या शेजारी, चार्जरला लावून ठेवला. नवीन नंबर चर्चमध्ये जाहीर झाला होता, पण सवय लगेच सुटत नाही. लोक जुन्याच नंबरावर बोलत होते. मी पेढीवरून आलो की आलेले मेसेज नव्या यंत्रणेत टाकत असे. काहींना तू गेल्याचं कळलं नव्हतं. काहींना कळलं होतं, तरी ते बोलत होते. फोपनारला केळीच्या पॅकिंगवर जाणारी एक बाई म्हणाली, "ताई, मला माहीत आहे तुम्ही नाहीत आता. पण नव्या नंबरावर कोण आहे ते मला माहीत नाही ना." हा मेसेज कोणत्या वर्गात घालायचा ते यंत्रणेला ठरवता आलं नाही. मलाही नाही.

रोज संध्याकाळी, प्रार्थनेच्या वेळेच्या आसपास, शोकेसमध्ये उजेड पडायचा. मंगला स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, ताईंचा फोन उजळला." आठवडाभराने तिने त्यावर हातरुमाल टाकला. रुमालातूनही उजेड दिसायचा. उलट जास्तच दिसायचा.

तो संध्याकाळचा मेसेज रोज एकाच नंबरावरून यायचा. नंबर नावाने साठवलेला नव्हता. मी तो ओळखत होतो. मार्चमध्ये तुझा फोन भरला म्हणून मी साफ करून देत होतो, तेव्हाच म्हणालो होतो, "ताई, हा माणूस रोज रिकामा मेसेज टाकतो. ब्लॉक कर." तू म्हणाली होतीस, "राहू दे रे. तुझं काय अडलं त्यात?" मी पहिले दहा-बारा सेकंद ऐकायचो. पंखा, लांबून मोटरसायकल. पुढे जायचो. आता तोच मेसेज मी यंत्रणेत टाकत होतो आणि यंत्रणाही तेच म्हणत होती: 'आवाज आढळला नाही.'

जुलैअखेर जुना नंबर बंद करायचं ठरलं. बंद करण्याआधी फोनमध्ये आलेले मेसेज आणि यंत्रणेत नोंदले गेलेले मेसेज मी जुळवून पाहिले. जुळले नाहीत. सगळा फरक त्या एका नंबराचा निघाला. सुताच्या पेढीवर मी इतकी वर्षं हिशेब लिहितो. फरक का आला ते लिहिल्याशिवाय मला पान उलटता येत नाही. म्हणून रविवारी दुपारी जेवणानंतर कानात इअरफोन घालून बसलो आणि त्या नंबराचे मेसेज वरून खाली पाहू लागलो.

तेव्हा दिसलं की डाव्या बाजूच्या, तू असेपर्यंतच्या प्रत्येक मेसेजखाली उजव्या बाजूला एक आहे. उजवी बाजू म्हणजे तू पाठवलेले. रोज त्याचा एक, तुझा एक. दोन-अडीच मिनिटांचे. मी तुझा एक लावला.

काहीच नाही. मग 'टक' असा आवाज. तुझा चष्मा टेबलावर ठेवल्याचा. प्रार्थनेआधी तू चष्मा काढायचीस, हे मी लहानपणापासून पाहिलंय. मग तुझ्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ. खाली गल्लीत कुणी 'ए अन्वर' म्हणून हाक मारली. तुझा श्वास. उजव्या नाकपुडीतून थोडी शीळ यायची, तीसुद्धा. दोन मिनिटं मी माझ्या गेलेल्या बहिणीला श्वास घेताना ऐकत होतो. आणि अगदी शेवटी, बटण सोडण्याआधी, तू हळूच म्हणालीस, "आमेन."

मंगला म्हणते माझा चेहरा बघून तिला वाटलं मला काही होतंय.

मग त्या नंबराचा मेसेज लावला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला. पंखा, मोटरसायकल, कुकरची शिट्टी. आणि अगदी शेवटी एक आवाज. घशात अडकलेला, वाकडा. "आ..." आणि पुढे ओठ मिटल्यासारखं काहीतरी. मी दुसरा ऐकला, तिसरा ऐकला. प्रत्येकाच्या शेवटी तो होता. ते मेसेज रिकामे नव्हते. मी आणि यंत्रणा, दोघांनीही ते शेवटपर्यंत ऐकले नव्हते.

मी त्या नंबरावर फोन लावला. एका बाईने उचलला.

"बुरहानपूरच्या चर्चमधून बोलतोय. हा नंबर कुणाचा आहे?"

"बाबांचा. माझ्या सासऱ्यांचा. खकनारचे गुरुजी. पण ते बोलत नाहीत हो, लकव्यानंतर वाचाच गेली."

गुरुजी. ताई, जे चर्चमध्ये शास्त्रवाचनाला उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरं सरळ बसायची, ते गुरुजी. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला हे मला माहीत होतं. आमच्या नोंदीत 'भेट दिली' असंही होतं. सून सांगू लागली की भेटीला येणारे त्यांच्याशी लेकरासारखे बोलायचे, मोठ्याने, हळूहळू, हात हलवून, आणि गुरुजी भिंतीकडे तोंड करायचे. पाळकसाहेबांकडेसुद्धा त्यांनी तोंड फिरवलं. "मग शीला आत्या आल्या. त्या काही बोलल्याच नाहीत. बसल्या, चष्मा काढला, डोळे मिटले. अर्धा घंटा. जाताना बाबांना डाव्या अंगठ्यानं हे बटण दाबून ठेवायला शिकवून गेल्या. बस. तेव्हापासून रोज."

"ताई गेल्याचं त्यांना..."

 ती आवाज खाली आणून म्हणाली, "नाही सांगितलं. हिम्मतच नाही झाली. ते रोज भेजतात आणि फोन मांडीवर ठेवून वाट बघतात. खाणं अर्ध्यावर आलंय. भाऊ, तुम्ही एक काम करा ना. आत्यांचा फोन तुमच्याजवळ आहे ना? तसाच एक रिकामा मेसेज भेजून द्या. बोलायचं तर काहीच नाही त्यात. त्यांना काय समजणार?"

मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सुधीरभाऊ, ताईंचाच जुना एक पाठवा. प्रार्थना त्यांचीच आहे, गुरुजींसाठीच केलेली आहे. खोटं काय त्यात?"

त्या संध्याकाळी मी तुझा फोन हातात घेऊन बसलो. मेसेज निवडला. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण येते, हे मला ठाऊक होतं. पण अडचण ती नव्हती. अडचण ही होती की मला पाठवावंसं वाटत होतं. तुझे त्या नंबराला पाठवलेले इतके मेसेज त्या फोनमध्ये होते की रोज एक म्हटलं तर पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापलीकडे पुरले असते. तोवर रोज संध्याकाळी खकनारच्या त्या घरात तू चष्मा काढून ठेवला असतास, श्वास घेतला असतास, आमेन म्हणाली असतीस. आमच्या घरातून तू गेलीस, तुझ्या घरातून गेलीस, चर्चमधून गेलीस. त्या एका घरातून तू अजून गेली नव्हतीस. आणि तिथून तुला घालवायचं की नाही ते माझ्या अंगठ्यावर होतं.

तुझ्याशी मनातल्या मनात वाद घातला. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला आजही नक्की सांगता येत नाही. एकदा वाटतं म्हणाली असतीस, "पाठव रे, म्हातारा जेवेल तरी." एकदा वाटतं, तू माझा कान धरला असतास. पण माणूस गेल्यावर त्याच्या नावाने रोज हजेरी लावायची, हे मला जमेना. मी फोन रुमालाखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पेढीवर सुट्टी सांगून खकनारला गेलो. मंगलाही आली. ती म्हणाली, "तुम्ही एकटे गेलात तर दारातून आकडे सांगून परत याल."

गुरुजी ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर फोन. सुनेने सांगितलं, "बाबा, बुरहानपूरहून आलेत. आत्यांचे भाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंगलाकडे पाहिलं. आणि मग आमच्या मागे, फाटकाकडे पाहिलं. तू रिक्षाचे पैसे देत मागे राहिली असशील, असं.

ताई, ते पाहणं मला विसरता येत नाही. मीही मागे वळून पाहिलं.

मोठ्याने नाही, हळू नाही, जसं पेढीवर बोलतो तसं मी म्हणालो, "गुरुजी, ताई गेली. जूनच्या शेवटी. तुमचे मेसेज तिला मिळत नव्हते, माझ्याकडे येत होते. मी ते पुरते ऐकत नव्हतो."

त्यांनी डावा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर आपटला. एकदा, मग पुन्हा. घशातून जो आवाज आला तो ऐकून शेजारची माणसं कुंपणाशी आली. फोन मांडीवरून खाली पडला. सून "बाबा, बाबा" करत होती. मी उचलून दिला तर त्यांनी घेतला नाही. भिंतीकडे तोंड केलं. आम्ही पाऊण तास बसलो. त्यांनी तोंड वळवलं नाही. परतीच्या बसमध्ये मंगला एकच वाक्य बोलली, "दुसरं काही करता येत नव्हतं." मला ते तेव्हा पटलं नाही. आता अर्धं पटतं.

त्यानंतर शोकेस अंधारी राहिली. एक संध्याकाळ, दुसरी, तिसरी. मंगलाने रुमाल काढून टाकला. म्हणाली, "उजळायचा तेव्हा बघवत नव्हतं, आता उजळत नाही तर बघवत नाही." मला वाटू लागलं की जूनमध्ये तू एकदा गेलीस आणि ऑगस्टमध्ये खकनारच्या ओसरीवर मी तुला दुसऱ्यांदा घालवलं. रात्री जाग आली की ते फाटकाकडे पाहणं दिसायचं. गुरुजी जेवतात का, हे विचारायला सुनेला फोन करायचो. "चाललंय," एवढंच म्हणायची.

आठवड्याने, संध्याकाळी, मी हातपाय धूत होतो आणि मंगलाने आतून हाक मारली. नुसतं "अहो" म्हणाली.

मेसेज नेहमीपेक्षा लांब होता. पंखा. कुकर. मग बराच वेळ काही नाही. शेवटी दोन आवाज आहेत. दुसरा तो नेहमीचा, आमेनचा. पहिला वेगळा आहे, दातांमधून हवा सुटल्यासारखा आणि मग लांबलेला. मंगला म्हणते ते तुझं नाव आहे. मला खात्री नाही, म्हणून मी तसं कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर कुणी द्यायचं ते मंगलाने विचारलं नाही. तिने टीव्ही बंद केला आणि दार लोटून घेतलं. मी बटण दाबून धरलं. मौन कसं करायचं असतं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, ताई. पहिलं मिनिट तर मी पेढीवरच्या थकबाकीचाच विचार करत होतो. मग वाटलं, पलीकडे गुरुजी हे पुरतं ऐकणार आहेत. शेवटपर्यंत. मग मी नीट बसलो. आमेन म्हणताना आवाज माझाच निघाला, खरखरीत. त्यांना कळलंच असेल. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज वेळेवर आला.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. नवी यंत्रणा चांगली चालली आहे. पाळकसाहेबांच्या भेटी वाढल्या. फोपनारच्या त्या बाईकडे ते दोनदा जाऊन आले, आता ती नव्या नंबरावर बोलते. कमलाबाईंचं घर परत आलं, सासू-सून एकाच बाकावर. रिकाम्या मेसेजचा प्रश्न मी समितीत मांडला. यंत्रणा बसवणारा म्हणाला, गाळायचे तर सगळे, नाहीतर कुणाचेच नाही. एक पंच म्हणाले, "मग सुधीरभाऊ, बकऱ्या कोण ऐकणार?" माझंच वाक्य होतं. गाळणं चालू ठेवायचं ठरलं. नाव मीही सांगितलं नाही. यावेळी हात वर न करणारा मी होतो, आणि सेक्रेटरींना मी सांगितलं की तसं लिहा. गुरुजींनी आणि सुनेने होकार दिला म्हणून इथे त्यांचं लिहिलं आहे.

तेव्हा खर्च झाला तो असा. यंत्रणा बसवणाऱ्याला ठरल्याप्रमाणे चोवीस हजार, चेकने, कारण त्याचं काम ठरल्याप्रमाणे झालं होतं. तुझा जुना नंबर चालू ठेवण्याला समितीची मंजुरी नाही, म्हणून ते चर्चच्या खात्यात धरलेलं नाही. तीन महिन्यांच्या रिचार्जचे सहाशे नव्याण्णव रुपये इतवाऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानदाराला, रोख, माझ्या खिशातून. त्याने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो गया भैया, मॅडमच्या फोनवर मेसेज गेला असेल, बघायला सांगा त्यांना." माझ्या शर्टाच्या खिशात तुझा फोन वाजला.